मामाची टेकडी

माझा भाचा ज्या टेकडीवर मेला ती नकाशावर सापडत नाही. चौकशी कचेरीने तीन आठवडे शोधली. जुने नकाशे काढले, नवे काढले, आकाशातून घेतलेले फोटो मागवले. शेवटी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की हे तिथल्या गावकऱ्यांनी ठेवलेलं नाव असावं. मग फायलीत तसं टाइप झालं: 'मामाची टेकडी, स्थानिक नाव, ठिकाण अनिश्चित.' कचेरीतल्या माणसाला एखादी गोष्ट कळली नाही की ती स्थानिक होते.

फाइल माझ्याकडे आली, कारण मी युद्धांचा इतिहास शिकवतो. तरुण अधिकारी घडवणाऱ्या शाळेत मला एकतीस वर्षं झाली. अंगावर वर्दी कधी चढली नाही. बंदूक एकदाच उडवली, शाळेच्या वर्धापनदिनी, आणि मग आठवडाभर खांदा शेकत बसलो होतो. पण कुठल्या सेनापतीने कुठल्या नदीकाठी काय माती खाल्ली, हे मला झोपेतून उठवून विचारा. मेलेल्यांच्या चुका काढण्यात माझा हात धरणारा माणूस या शाळेत नाही, आणि त्याचा मला भारी गर्व होता.

आमचे प्राचार्य, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, फाइल माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सर, विषय तुमच्या घरातला आहे. नको असेल तर दुसऱ्याला देतो."

"द्या इकडे," मी म्हणालो.

"ही टेकडी कुठली तेवढं ठरवायचं. आणि नेहमीच्या पद्धतीने प्रकरण लिहायचं."

नेहमीची पद्धत म्हणजे चार रकाने. काय घडलं, का घडलं, निर्णय कोणाचा, धडा काय. लढाई एका दुपारची असो नाहीतर सहा महिन्यांची, आमच्याकडे ती शेवटी या चार रकान्यांत बसवावी लागते. चौथा रकाना रिकामा सोडलेला चालत नाही. एखाद्या लढाईतून शिकण्यासारखं काहीच नसेल तरी काहीतरी लिहायचं, अशी शाळेची शिस्त आहे.

टेकडी कुठली ते मला वाचता वाचताच कळलं होतं. ती आमच्याच इमारतीत आहे, तिसऱ्या मजल्यावर, सात नंबरच्या खोलीत.

त्या खोलीत वाळूचं टेबल आहे. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, वीतभर उंचीचे काठ आणि आत चाळलेली वाळू. वाळू ओली करून मी तिचे डोंगर करतो, दऱ्या करतो, निळ्या दोऱ्याची नदी सोडतो आणि पोरांना विचारतो, "तुझ्याकडे साठ माणसं आहेत. कुठे ठेवशील?" मधली टेकडी ठरलेली. ती मी कुणाला करू देत नसे. पोरं आपली माणसं रस्त्याकडेला ठेवायची, झाडीत ठेवायची, आणि मी टेकडीवर चार खुंट्या रोवून दोन मिनिटांत त्यांचा निकाल लावायचो. मग म्हणायचो, "उंची ज्याची, बाजी त्याची." त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचो. एकतीस वर्षांत दोनेक हजार अधिकाऱ्यांनी ते माझ्यामागून म्हटलं असेल. हजार वर्षांच्या लढाया मी त्याला पुरावा म्हणून दिल्या, आणि पुरावा खोटा नव्हता.

माझा भाचा या शाळेत आला तेव्हा पहिल्याच तासाला हात वर करून म्हणाला, "मामा, एक शंका." वर्गात हशा पिकला. पोरगं कानापर्यंत लाल झालं. त्या दिवसापासून त्याची अख्खी तुकडी मला पाठीमागे मामा म्हणू लागली. मामा बनवणं म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको, तेव्हा त्यात आदर किती आणि वात्रटपणा किती हे मला चांगलं ठाऊक होतं. वाळूतल्या टेकडीची मग मामाची टेकडी झाली. मी वरवर डाफरलो. आतून गुदगुल्या झाल्या, उगाच खोटं कशाला बोलू.

घरात त्याला खडू म्हणायचे. लहानपणी माझ्या खिशातले खडू काढून खायचा. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, त्याच्या तोंडात बोट घालून पांढरा लगदा बाहेर काढायची आणि ओरडायची मात्र मला. भावोजी गेले तेव्हा खडू नऊ वर्षांचा होता. मला बायकामुलं नाहीत. तेव्हापासून ती दोघं खालच्या मजल्यावर, मी वरच्या मजल्यावर, आणि जेवायला तिघं खाली, असं आमचं घर. त्याला सायकल मी शिकवली, पोहायला मी शिकवलं. त्याने सैन्यात जाऊ नये असं ताईला फार वाटत होतं. ती त्याला काही बोलली नाही. माझ्याशी दोन महिने बोलली नाही.

तो गेला मे महिन्यात. बातमी आली तेव्हा मी वर्गात होतो. फळ्यावरची तारीख पुसली, हात झटकले, घरी आलो. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, तसा मी झालो. गाल आपलाच असतो, चावला तरी कळत नाही. लोक भेटायला आले, मी त्यांना खुर्च्या दिल्या. कोण कोण आलं ते मला आज सांगता येणार नाही, पण खुर्च्या सात होत्या आणि दोन शेजारून आणाव्या लागल्या होत्या.

ताईचंही तसंच काहीसं झालं असावं. ती मोठ्या इस्पितळात वॉर्डाची मुख्य नर्स आहे. नवव्या दिवशी पांढरे कपडे करून कामावर गेली. दहाव्या दिवशी सैन्याचं पत्र आलं. अशा पत्रांचा मजकूर ठरलेला असतो: 'आपले चिरंजीव कर्तव्य बजावीत असता कामी आले.' ताईने ते वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचलं.

"कामी आला म्हणजे कुठल्या कामी?" तिने विचारलं.

"अगं, म्हणायची पद्धत आहे तशी. लढाईत पडलेल्या माणसाला फार जुन्या कागदांपासून असंच म्हणतात."

"ते मला कळतं. मी एवढंच विचारतेय की काम काय होतं आणि ते झालं का."

मी पत्राची घडी घातली.

"तू हेच करतोस ना आयुष्यभर?" ती म्हणाली. "कोण कुठे मेला आणि का मेला. मग याचंही शोधून सांग."

आणि डबा उचलून ड्युटीवर गेली. त्यानंतर रोज जेवताना तोच प्रश्न. "लागला का शोध?" "नाही अजून." एखाद्या पेशंटचा रिपोर्ट आला का, असं विचारावं तितक्याच सुरात. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. तिला उत्तर हवं होतं आणि ती थांबायला तयार होती.

आता उत्तर माझ्या हातात आलं होतं.

फायलीत वायरलेसवरचं सगळं बोलणं मिनिटामिनिटाला टिपलेलं होतं. खडू धरून एकोणीस माणसं. एका गावाबाहेरच्या चौफुलीवर त्यांनी दोन दिवस थांबायचं, शत्रूच्या गाड्या आल्या तर अडवायच्या. चौफुलीला लागून फळं ठेवायचं एक शीतगृह होतं. त्याला तळघर, वर दीड फुटाचं काँक्रीट. मागच्या बाजूला एक उंचवटा आणि त्यावर पाण्याची टाकी. माणसं तळघरात ठेवली होती. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी खडू वायरलेसवर म्हणाला, "वरून दोन्ही रस्ते नीट दिसतील. पाच जणांना घेऊन मामाच्या टेकडीवर जातोय." पलीकडच्याने विचारलं, "कुठल्या?" त्यापुढे टिपणाऱ्याने लिहिलं होतं: हसण्याचा आवाज.

दोन बावीसला डोक्यावर ड्रोन दिसल्याची नोंद आहे. दोन तेहेतीसनंतर काही नाही.

म्हणजे अकरा मिनिटं. वर गेलेले सहाही जण मेले. तळघरातले तेराच्या तेरा जगले. आणि ती चौफुली? तिकडे कुणी फिरकलंच नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. शत्रूला तो रस्ता नकोच होता. त्याच्या गाड्या तीस मैल दूर कुठल्याशा शेडमध्ये झाकून उभ्या होत्या. ज्याने खडूला मारलं तो कुठेतरी एका खोलीत खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत होता. त्याला चढ चढावा लागला नाही, धाप लागली नाही. मी जन्मभर शिकवलेल्या सगळ्या टेकड्या त्याच्या पायाखाली होत्या.

मी फाइल मिटली आणि चहा मागवला. चहा आला, तो प्यायलो, कप नेऊन धुतला.

मामाची टेकडी हे नाव ओळखणारा मी जवळजवळ एकटाच होतो. खडूच्या तुकडीतली पोरं ओळखतील, पण ती सीमेवर विखुरलेली, त्यांना फाइल कोण दाखवणार? मी 'स्थानिक नाव' तसंच राहू दिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. ताईलाही नाही. ती रोज वाढणार, रोज विचारणार, आणि मी एक दिवस काहीतरी गुळमुळीत सांगून मोकळा होणार. प्रश्न एवढाच होता की हे तिला सांगायचं की नाही. आणि खरं सांगतो, त्या प्रश्नानेही माझ्या आत काही हललं नाही. नुसता समोर पडून राहिला.

आधी सार्जंटला भेटलो. तो तळघरात होता म्हणून वाचला. नंतरच्या एका स्फोटात त्याचा डावा कान गेला आणि आता सैन्याच्या आरोग्यधामात होता. लांबलचक वऱ्हांडा, ओळीने खाटा. तो खाटेवर बसून बुटाला पॉलिश करत होता. मी चुकून डाव्या बाजूला बसलो, तर त्याने मला हाताला धरून उजवीकडे घेतलं.

"तुम्ही साहेबांचे मामा," तो म्हणाला. "चेहऱ्यावरूनच कळतं."

"तुम्ही त्याला वर जाऊ नको म्हणालात का?"

"म्हणालो ना. म्हणालो, साहेब, आता वर बसणं म्हणजे टोपीला घंटा बांधून हिंडणं. खाली अंधार आहे, ड्रोन अडवायची जाळी आहे, इथंच राहू. साहेब म्हणाले, खाली राहिलो तर आंधळे होऊ. माझे मास्तर म्हणतात, उंची ज्याची, बाजी त्याची." तो थांबला. "वाईट नव्हते हो साहेब. हुकूम देऊन मला वर पाठवू शकले असते. म्हणाले, तुमचं मत नाही तर तुम्ही नका येऊ. स्वतः गेले."

"आणि बाकीचे पाच?"

"त्यांना साहेब आवडायचे," सार्जंट म्हणाला आणि पुन्हा बूट घासायला लागला.

मी त्याला विचारलं की हे चौकशीवाल्यांना का नाही सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं टेकडी कुठली. म्हणालो, तिथं टेकडी नाही, टाकीचा उंचवटा आहे. मास्तर कुठले, ते कुणी विचारलं नाही."

शाळेत परतलो तर मोठे साहेब वाटच बघत होते. त्यांच्या मनात वेगळंच शिजत होतं. दरवाजा लोटून घेतला, माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. माणूस वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट भिंतीवर लावण्यासारखी हवी असते.

"सर, मी विचार करत होतो," ते म्हणाले. "तेरा जण जगले ना? मग असं म्हणता येईल की वरच्या सहा जणांनी शत्रूचं लक्ष स्वतःकडे ओढून घेतलं, म्हणून खालचे वाचले. सात नंबरच्या खोलीला आपण त्याचं नाव देऊ. तुमच्याच खोलीला. बहिणीला बोलवू."

"तसं घडलेलं नाही, साहेब."

"अहो, घडलेलं कुणी पाहिलंय? अर्थ लावायचा असतो. तुम्हीच म्हणता, इतिहास म्हणजे अर्थ लावणं."

मी हे म्हणतो खरं. पहिल्याच तासाला म्हणतो.

"टेकडीचं काय लिहू?" मी विचारलं.

"ते राहू द्या तसंच. स्थानिक नाव. त्या भानगडीत काय पडायचं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ते हेच. ताईच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी माझ्या हातात तयार करून दिलं होतं. काम काय होतं? तेरा जणांना वाचवणं. झालं का? झालं. ताईने मान हलवली असती, खोलीच्या दारावर खडूचं खरं नाव पितळी अक्षरांत लागलं असतं, आणि मी आयुष्यभर त्या दारातून आत जाऊन शिकवलं असतं.

जिन्यात भिंगरी भेटला. भिंगरी म्हणजे आमचा ड्रोन शिकवणारा मास्तर. पस्तिशीचा, काटकुळा, सारखा गरगर फिरत असतो म्हणून मीच ते नाव पाडलं. एरवी मला बघितलं की चार मुद्दे काढून वाद घालणारा. त्या दिवशी भिंतीला चिकटून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, काही लागलं तर सांगा." त्याच्या डोळ्यांवरून मला कळलं की 'मामाची टेकडी' त्याच्याही कानावर आली आहे आणि त्यालाही ती कुठली ते ठाऊक आहे.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, भिंगरीने माझ्या टेबलावर चार पानांची टिपणी ठेवली होती. ठिकठिकाणच्या ताज्या लढायांतली पासष्ट उदाहरणं त्याने जमवली होती. जो उंचावर बसला तो आधी दिसला, जो आधी दिसला तो आधी मेला. सरासरी वेळ, चौदा मिनिटं. खाली एक ओळ: 'टेकडीचा धडा या सत्रापासून बदलावा ही विनंती.' मी ती चारही पानं वाचली. दोनदा वाचली. एकही उदाहरण खोडता आलं नाही, म्हणून तर संताप आला. कालचं पोरगं मला लढाई शिकवणार. धडा बदलायचा म्हणजे टेबल गोदामात जाणार, वाळू बागेत टाकणार, आणि माझ्या हातात काय राहणार तर पडद्यावरचे ठिपके. मी लाल पेनाने वर लिहिलं, 'विचाराधीन', खाली तारीख टाकली, चार मार्च, आणि ती खणात सारली. शिवाय शिक्षकांच्या खोलीत चार लोकांत म्हणालो, "आमच्या भिंगरीला सगळं जग वरूनच दिसतं." सगळे हसले. तोही हसला.

जुलैत खडूची तुकडी आली. मी वाळू भिजवली आणि टेकडी केली.

जिन्यात भिंगरीने त्या टिपणीचा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, आवाज चढवता आला असता. तो बिचारा जिना उतरून गेला.

खडू गेल्यावर, जूनमध्ये, मी टेकडीचा धडा बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला. नव्या तुकडीला मी सांगतो, दिसू नका, जमू नका, थांबू नका. पोरं लिहून घेतात. ती सगळं लिहून घेतात, त्यांना काहीही सांगा.

प्रकरण लिहायला मला चार दिवस लागले. मोठ्या साहेबांचा अर्थ मी लावला नाही. पहिल्या रकान्यात अकरा मिनिटं लिहिली. दुसऱ्यात सार्जंटचं म्हणणं लिहिलं. टेकडीपुढचं 'स्थानिक नाव' खोडून लिहिलं की हे नाव या शाळेच्या सात नंबरच्या खोलीतल्या वाळूच्या नमुन्याचं आहे. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'निर्णय लेफ्टनंटचा. तो ज्या धड्यावर आधारलेला होता तो धडा खाली सही करणाऱ्याने, त्या वेळी मान्य असलेल्या समजुतीनुसार, शिकवला होता.' चौथा रकाना एका ओळीचा, नव्या तुकडीला सांगतो तीच. लिहून झाल्यावर मला वाटलं, बाबा रे, केलंस. स्वतःच्या हाताने स्वतःला सुळावर चढवलंस. थोडंसं बरंही वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्याचा मला संशय यायला हवा होता.

शनिवारी दुपारी ताईला सुट्टी होती. खाली गेलो तर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. सालं एका वर्तमानपत्रावर, दाणे वाडग्यात.

"लागला शोध," मी म्हणालो.

"वाच."

मी वाचायला लागलो. तिचे हात चालू होते. चौफुली, शीतगृह, तळघर, दोन दहा. 'मामाची टेकडी' आल्यावर एक शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"तुझी?"

"हो."

"ती वाळूची?"

"हो."

तिने शेंग सोलली. मी पुढे वाचलं. अकरा मिनिटं, सहा जण. सार्जंट काय म्हणाला ते. तिसरा रकाना मी जरा भरभर वाचला. संपल्यावर कागद टेबलावर ठेवला.

"मग काम?" तिने विचारलं.

"कुठल्याच कामी आला नाही, ताई. त्या रस्त्याने कुणी आलंच नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिने आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग तीच बोलली. "माझं एक ऐकलं नाही त्याने कधी. स्वेटर घाल म्हटलं तर नाही, पोचल्यावर फोन कर म्हटलं तर नाही. तुझं बरोबर ऐकलं." यात राग नव्हता. असता तर मला कळला असता, मी तिला पन्नास वर्षं ओळखतो.

मी कागद उचलायला गेलो.

"तिसरं पुन्हा वाच," ती म्हणाली.

वाचलं.

"त्या वेळी मान्य म्हणजे काय? तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं?"

इथे मला 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. तोंड उघडलंही. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, वाटाण्यांकडे बघत होती, आणि तिने मान वर केली असती तर कदाचित मला खोटं बोलता आलं असतं.

"वॉर्डात चुकीचं औषध गेलं की आम्ही दोन वेळा लिहितो," ती म्हणाली. "दिलं कधी आणि चूक आहे हे कळलं कधी. पहिली वेळ सगळ्या पोरी मुकाट लिहितात. दुसरी लिहिताना पेन अडतं. तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये. चार तारखेला."

"यंदाच्या?"

"नाही. दोन वर्षांपूर्वीच्या."

"आणि त्याला शिकवलंस कधी?"

"त्याच वर्षी. जुलैत."

तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. एप्रिल, मे, जून, जुलै. चार पेरं झाली. मग ओला हात पदराला पुसला, कागद स्वतःकडे ओढला आणि बोट टेकवत तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे यात नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"लिही."

मी खिशातून पेन काढलं. तिने सालांचं वर्तमानपत्र बाजूला सारून मला जागा करून दिली. मी तिसऱ्या रकान्यातली ती ओळ खोडली आणि दोन्ही तारखा लिहिल्या. भिंगरीच्या टिपणीबद्दल लिहिलं, 'विचाराधीन' लिहिलं होतं तेही लिहिलं. ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. वॉर्डातल्या नव्या नर्सच्या मागे उभी राहत असेल तशीच. अक्षर लागलं नाही तिथे तिने मला ते पुन्हा काढायला लावलं. मग म्हणाली, सही कर. मी सही केली.

तिने कागद उचलून खिडकीकडे धरला आणि तारखा वाचल्या. शाई वाळेपर्यंत तसाच धरून ठेवला आणि माझ्या हातात दिला. नंतर वाडगा घेऊन ओट्याशी गेली आणि नळ सोडला.

"उद्यापासून तुझं जेवण तू वर करत जा," ती पाठमोरीच म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

वर माझ्याकडे शेगडी नाही, एक किटली तेवढी आहे. ते तिला माहीत होतं.